नदी नसलेलं खोरं

दुरून डोंगर साजरे, असं आपण म्हणतो. कतारमध्ये तीही सोय नाही. देशातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे दक्षिणेकडचं कुरैन अबू अल बौल, उंची १०३ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. ही कतारी शिखरं एकावर एक रचत गेलो तर कळसूबाईपर्यंत पोचायला जवळजवळ सोळा लागतील. त्यामुळे दोह्यातल्या मराठी घरात कुणी ‘एक दिवस डोंगरात जाऊन येऊ’ म्हणालं, की बाकीचे हसतात आणि सुट्टीत गावी जायच्या तिकिटांचा विषय निघतो.

गेल्या जानेवारीत आमच्या घरात मात्र हा विषय हसण्यावारी नेता आला नाही. माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. सासरे गेल्यानंतर त्या भोरला एकट्याच राहतात. निदान थंडीचे महिने तरी त्यांनी आमच्याबरोबर काढावेत, असं ह्यांच्या आणि माझ्या मनात होतं. पण तीन आठवड्यांत त्यांचा चेहरा उतरत चालला होता. अल मन्सूरातलं आमचं घर चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून दिसतात समोरच्या इमारतीचे एसी, खालचा बकाला, कडक चहाच्या टपरीसमोर हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या आणि पार्किंगसाठी गोल गोल फिरणारे आमच्यासारखेच लोक. आईंना कॉर्निश दाखवून झालं होतं, सूक वाकिफ झालं होतं, मॉल तर तीन झाले होते. एके संध्याकाळी त्या ह्यांना म्हणाल्या, “तुमचं गाव स्वच्छ आहे, माणसंही चांगली आहेत. पण नजर कुठे टेकतच नाही रे. सपाट जागी मला झोप लागत नाही.”

आईंचं माहेर वेळवंड खोऱ्यातलं. सह्याद्रीच्या त्या भागात मुलुखाची नावंच मुळी पाण्यावरून पडलेली: वेळवंड खोरं, मुठे खोरं, मोसे खोरं, पवन मावळ. तिथल्या माणसाला ‘तुम्ही कुठले?’ विचारलं तर तो आधी खोरं सांगतो, मग गाव. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे नदी, आणि सूर्य कुठल्या सोंडेमागून उगवतो त्यावरून महिना ओळखायचा. अशा ठिकाणी वाढलेल्या बाईला आम्ही एका शुक्रवारी खोरं दाखवायचं ठरवलं. ह्यांना सुट्टी फक्त शुक्रवारची, आणि आईंचं परतीचं तिकीट नंतरच्या सोमवारचं. म्हणजे हातात एकच दिवस.

जायचं कुठे, यावर घरात बरीच चर्चा झाली. आईंनी मोबाइलवरच्या नकाशात बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे काय इथे लिहिलंय, अल खोर. खोर म्हणजे खोरंच ना?” मुलं हसली, पण शंका अगदी रास्त होती. अरबीत खोर म्हणजे जमिनीत आत शिरलेला समुद्राचा फाटा, आपण खाडी म्हणतो तसा. दोह्याच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवरचं अल खोर हे अशाच खाडीवरचं जुनं मासेमारीचं आणि मोत्यांचं गाव. दक्षिणेचं खोर अल उदैदही तसंच, तिथे समुद्र वाळूच्या टेकड्यांमध्ये शिरलेला आहे. दृश्य अप्रतिम, पण तिथे जायचं म्हणजे मऊ वाळूत टायरची हवा कमी करून, टेकड्यांवरून उसळ्या घेत. आईंच्या गुडघ्यांना आणि पाठीला ते झेपण्यासारखं नव्हतं. शेजारचे कोल्हापूरकर म्हणाले, “खरे डोंगर बघायचे तर ओमानला चला.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण एका शुक्रवारात ओमान बसत नाही.

शेवटी बोट पश्चिमेकडे सरकलं. दुखानच्या रस्त्यावर दोह्यापासून ८०-९० किलोमीटरवर झेक्रीत आहे. त्याच्या पलीकडे रास अब्रूकचं द्वीपकल्प समुद्रात घुसलेलं. तिथे चुनखडीचे बुटके, माथ्यावर सपाट असे डोंगर आहेत, आणि त्यांच्यामधून एक लांबलचक वाट जाते. उंची विचाराल तर आपल्याकडे त्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही. पण दोन्ही बाजूंना कडा आणि मधे चालायला जागा, एवढ्या व्याख्येत ती जागा बसत होती. ठरलं.

आता नियोजन. सह्याद्रीत एका दिवसाची सहल ठरवताना आपण पाऊस, धुकं आणि एसटीची वेळ बघतो. इथला हिशेब वेगळा आहे. दरवर्षी थंडीत नव्यानं आलेली कुटुंबं हे प्रश्न विचारतात, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

पहिली गोष्ट, ऋतू. नोव्हेंबर ते मार्च, बस. एप्रिलनंतर त्या उघड्या माळावर दुपारी उभंही राहवत नाही, आणि सावली म्हणाल तर कड्याच्या पायथ्याशी वीतभर. जानेवारीत सकाळी शाल लागते आणि दुपारी टोपी. दुसरी गोष्ट, वारा. थंडीतही वायव्येचा शमाल सुटला की वाळू डोळ्यांत जाते, तेव्हा आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघायलाच हवा. तिसरी गोष्ट म्हणजे पहाटेचं धुकं. वाळवंटात धुकं हे ऐकून गावाकडच्यांना खोटं वाटतं, पण डिसेंबर-जानेवारीत ते इतकं दाट पडतं की पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. म्हणून आम्ही पहाटे निघायचा मोह टाळला आणि सकाळी सातची वेळ ठरवली. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागायचं, हा नियम पहिल्याच दिवशी कागदावर लिहिला.

चौथी गोष्ट, गाडी. झेक्रीतपर्यंत रस्ता उत्तम. पुढे खडी, दगड आणि मधेच वाळूचे पट्टे. आमची छोटी गाडी तिथे पोट घासत गेली असती. कोल्हापूरकरांची उंच, चारही चाकं ओढणारी गाडी होती, आणि तेही सहकुटुंब येणार होते. शिवाय मंडळातल्या आणखी एका घरानं तशीच गाडी घेऊन यायचं कबूल केलं. दोन गाड्या असाव्यातच. एक रुतली तर दुसरी ओढते. शुक्रवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते, हेही लक्षात ठेवावं. नाहीतर अल मन्सूरा हे ग्रीन लाइनचं पूर्वेचं शेवटचं स्टेशन आणि अल रिफा पश्चिमेचं. दुखानचा रस्ता त्याच दिशेनं जातो, म्हणून ‘आम्ही तिथे भेटतो’ असं म्हणणारे दोघे-तिघे हमखास निघतात. त्यांना घरूनच उचलावं लागलं.

पाचवी गोष्ट कुणी बोलत नाही, पण घरात म्हातारं माणूस असेल तर सर्वांत महत्त्वाची तीच: स्वच्छतागृह. हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप सोडला की पुढे काहीच नाही. आईंनी पहिल्यांदा ‘मी येत नाही, तुम्ही जाऊन या’ म्हटलं, त्याचं खरं कारण हे होतं आणि ते त्या ह्यांच्यासमोर बोलणार नव्हत्या. मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. मग आम्ही कपडे बदलायचा एक छोटा उभा तंबू आणि प्लास्टिकची घडीची खुर्ची मागून आणली, आणि ‘हे मुलांसाठी’ असं जाहीर केलं. त्यावर आई काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्यांनी स्वतःची पिशवी भरायला घेतली.

पाणी माणशी चार लिटर. खाणं संक्रांतीच्या आठवड्याला साजेसं: गूळपोळ्या, दशम्या, लसणाची चटणी, दही आणि थर्मासात चहा. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, तेव्हा बर्फ, पाणी, पेट्रोल सगळं त्याआधी. आणि कुठे चाललोय, किती वाजेपर्यंत परत येऊ, हे शेजारच्या घरी सांगून ठेवायचं.

असा सगळा जामानिमा करून आम्ही निघालो. शहर मागे पडलं. शहानियाला उंटांच्या शर्यतीचं मैदान लागतं. थंडीत शर्यती चालतात, आणि उंटांच्या पाठीवर माणसांऐवजी छोटे यंत्रमानव असतात. मालक बाजूनं गाडी पळवत दुरूनच त्यांचे चाबूक हलवतात. आईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “आपल्या बैलगाडा शर्यतीला हे आणलं तर निम्मे घाटकरी बेकार होतील.”

शहानियाच्या पुढे एका ठिकाणी चहासाठी थांबलो, आणि माझ्या मते सहलीतला अर्धा अर्थ तिथेच निघाला. रस्त्यापासून थोडं आत जमीन किंचित खोलगट झाली होती. इतकी किंचित, की आपल्या लक्षातही येऊ नये. पण तिथे मातीचा रंग बदललेला, वाळूऐवजी तांबूस गाळ, आणि चार-पाच झाडं. अशा जागेला इथे रौदा म्हणतात. कतारमध्ये वाहती नदी एकही नाही. वर्षाचा पाऊस सरासरी ७५ मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडच्या आषाढातल्या एका जोरदार दिवसाइतका. पण जो पडतो तो चहूबाजूंनी या खोलगटीत उतरतो, येताना माती आणतो, आणि वर्षानुवर्षांच्या त्या गाळावर गवत आणि झाडं धरतात. कतारच्या नकाशावर ‘रौदत’नं सुरू होणारी नावं जागोजागी आहेत. आमच्या अल मन्सूराच्या शेजारचाच भाग रौदत अल खैल, म्हणजे घोड्यांचं कुरण. इतकी वर्षं त्या पाटीखालून जातो आहोत, पण तिथे कधीकाळी पाणी साचून घोडे चरत असतील हा विचार मनात आला नव्हता.

रौदांमध्ये गाडी घालायला मनाई आहे, कारण चाकांखाली गवत मेलं की ते पुन्हा धरत नाही. आम्ही गाड्या बाहेर ठेवून चालत गेलो. आई एका झाडापाशी थांबल्या. फांदी न ओढता नुसतीच जवळून बघितली आणि म्हणाल्या, “अगं, ही तर बोर!” मी म्हटलं, “आई, हे सिदराचं झाड, इथे फार मानतात त्याला.” त्या म्हणाल्या, “मानू देत. काटे बघ. जोडीनं असतात, एक सरळ आणि एक वाकडा. बोरीशिवाय कुणाचे असतात असे?”

त्यांचं खरं होतं. सिदर ही आपल्या बोरीची सख्खी बहीण, दोघी एकाच वंशातल्या. फळाला आखातात कनार म्हणतात. झाडाखाली दोन-चार सुकलेली फळं पडली होती. आईंनी त्यातली दोन उचलली, पदराला पुसली आणि रुमालात बांधली. संक्रांतीच्या सुगडात घालायला त्या आठवड्यात मला दोह्यात बोरं मिळाली नव्हती, ह्याबद्दल त्या तीन दिवस हळहळत होत्या. “सण होऊन गेला,” मी म्हटलं. “रथसप्तमीपर्यंत चालतं,” त्या म्हणाल्या.

पुढे दुखानच्या अलीकडे वळून झेक्रीत गाठलं. दुखान म्हणजे अरबीत धूर. या देशाचं पहिलं तेल त्याच गावाच्या जमिनीतून निघालं आणि १९४९ साली पहिल्यांदा बोटीनं बाहेर गेलं. आपण सगळे आज इथे आहोत त्याची सुरुवात त्या टेकड्यांखाली आहे, असं हे मुलांना सांगत होते. मुलांचं लक्ष खिडकीबाहेर होतं, कारण आता खरंच डोंगर दिसू लागले होते. पांढरट पिवळे, माथ्यावर तासल्यासारखे सपाट. काहींची मान बारीक आणि डोकं मोठं, अळंबीसारखं. वरचा थर कठीण आहे आणि खालचा मऊ. वारा खालचा पोखरत जातो आणि वरचा छत्रीसारखा उरतो. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळाकभिन्न. हा दगड समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याचा. रंग उलटे, पण माथा सपाट आणि कडा तुटलेला, ही ठेवण ओळखीची वाटते.

त्या डोंगरांमधल्या वाटेत गाडी थांबली आणि समोर पोलादाची एक प्रचंड पट्टी जमिनीतून सरळ वर गेलेली दिसली. रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकारानं २०१४ साली इथे चार पट्ट्या उभ्या केल्या. शिल्पाचं नाव ‘पूर्व-पश्चिम/पश्चिम-पूर्व’. एका रेषेत, किलोमीटरभराहून जास्त अंतरात. दोन पट्ट्या १४.७ मीटर उंच आणि दोन १६.७ मीटर. उंची वेगळी का, तर खालची जमीन वरखाली आहे. पण चारही पट्ट्यांचे माथे एकाच पातळीत आहेत, आणि ती पातळी बाजूच्या डोंगरमाथ्यांशी जुळवलेली. लोखंड मुद्दाम गंजू दिलेलं, त्यामुळे रंग विटकरी होत होत काळपट होत जातो.

खरं सांगायचं तर आईंना हे कंटाळवाणं वाटेल अशी माझी अटकळ होती. नुसती लोखंडाची पट्टी, त्यात बघायचं काय? ह्यांनी त्यांना माथ्यांच्या पातळीबद्दल सांगितलं. आई बराच वेळ एका पट्टीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पाण्याची खूण आहे ही.”

“कसली?”

“धरण बांधायच्या आधी खुणा करतात ना, पाणी कुठवर येणार त्याच्या. जमीन कशीही असो, खूण सगळीकडे एका उंचीला. तिच्या खालचं सगळं जाणार, वरचं राहणार.”

वेळवंडीवरचं भाटघर धरण १९२८ साली पुरं झालं. आईंच्या आजोबांचं घर त्या खुणेच्या खाली होतं. घरातली माणसं खुणेच्या वर सरकली आणि तिथे नवं गाव वसलं. आईंचा जन्म त्या वरच्या गावातला. जुनं त्यांनी पाहिलेलं नाही, पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की कांबऱ्याजवळ कांबरेश्वराचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं आणि पंचक्रोशीतले लोक दर्शनाला जातात. लहानपणी आजीचा हात धरून त्या तिथे जात. आजी वाटेत सांगे, इथे अमक्याचा वाडा, इथे आपली विहीर. पायाखाली नुसता भेगाळलेला गाळ. “अशीच दिसायची जमीन,” आई म्हणाल्या, “फक्त काळी.”

मग त्या चालायला लागल्या. गुडघ्याला पट्टा, एका हातात काठी, दुसऱ्या हाताला नात. दुसऱ्या पट्टीपर्यंत गेल्या आणि तिच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या. चार दशम्या खाल्ल्या, आणि घरी दोन्ही वेळच्या जेवणाला नको नको म्हणणाऱ्या बाईनं पाचवी मागून घेतली. मुलांनी लोखंडावर हळूच टिचकी मारून आवाज ऐकला. कोल्हापूरकरांनी घोंगडीवर ताणून दिली. कुठलाच आवाज नव्हता. अल मन्सूरात इतकी वर्षं राहून कान कशाची सवय करून बसले होते ते तिथे कळलं. परत निघताना द्वीपकल्पाच्या टोकाकडे समुद्र चमकला, आणि लांबवर चार ऑरिक्स उभे दिसले, पांढरे, तलवारीसारख्या सरळ शिंगांचे. कतारचा हा राष्ट्रीय प्राणी. आई म्हणाल्या, “नीलगाईला कुणी चुना लावलाय.”

साडेचारला आम्ही डांबरी रस्त्यावर होतो. गाडीत मुलं झोपली. ह्यांनी नेमका तोच क्षण साधून विषय काढला. “आई, तू दर थंडीत येत जा ना. तिकडे एकटी काय करतेस?” मला वाटलं, झालं, आता दिवसभराचं सगळं पाण्यात जाणार. आई खिडकीबाहेर बघत होत्या. शहानिया मागे गेलं तरी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “घर बंद करणार नाही मी. ते बोलायचंच नाही. शेणी, धान्य, कुलदैवत, सगळं तिथे आहे. पण दोन महिने येईन, व्हिसा देतील तेवढं. आणि मला मॉलमध्ये न्यायचं नाही.”

एवढंच ठरलं. आम्हाला हवं होतं त्याहून कमी आणि भीती होती त्याहून जास्त. त्या रात्री पार्किंग शोधायला चाळीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ आई गाडीत बसून रौदत अल खैलच्या पाटीकडे बघत घोड्यांबद्दल विचारत होत्या.

यंदा दिवाळीच्या सुमारास इथे वस्म सुरू झाला आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होणारा हा पहिल्या पावसाचा काळ, अरब लोक त्याची आपल्या मृगासारखी वाट बघतात. वस्माचा पाऊस वेळेवर झाला तर रौदांमध्ये गवत येतं आणि पुढे जमिनीखाली फगा नावाची वाळवंटी अळंबी धरते. ज्यांच्या घरी या थंडीत आई-वडील येणार आहेत त्यांनी मॉलच्या यादीत एक शुक्रवार पश्चिमेचा घालावा. दोन गाड्या, माणशी चार लिटर पाणी, घडीची खुर्ची आणि तो उभा तंबू. तंबू आमच्याकडे आहे, मागून न्या. फक्त डिसेंबरचा पहिला शुक्रवार सोडून. आईंचं तिकीट झालंय, आणि पिशवीत सुगडं घेऊन येते असा कालच फोन आला होता. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “पडला का गं पाऊस तुमच्या खोऱ्यात?”